चतुराच्या मागची निळी साडी

परबभाऊजी "हलू नका!" असं ओरडले की आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमधली माणसं जिथल्या तिथे थांबायची. हातात दुधाचं पातेलं असो की कडेवर पोर. कारण भाऊजी आवारात पालथे पडलेले असायचे आणि कॅमेऱ्यापुढे एखादा मुंगळा नाहीतर नाकतोडा बसलेला असायचा. एकदा पोस्टमन बिचारा एका पायावर उभा राहिला होता. मुंगळा गेल्यावर भाऊजी उठले, शर्ट झटकला आणि त्याला म्हणाले, "थँक्यू हां. झकास उभे राहिलात."

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा लोकांचे कॅमेरे बारशाला नाहीतर साखरपुड्याला कपाटातून बाहेर यायचे. भाऊजींनी मात्र आपला घेतला तोच किड्यांसाठी. साकीनाक्याला एका वर्कशॉपात ते लेथवर होते. तिथे जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची एक नळी कातली. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ती बसवली की मुंगीची मिशी झाडूएवढी दिसायची. पुस्तक नाही, क्लास नाही, सगळं आपलं आपण.

माझा कुंडीतला कढीपत्ता त्यांच्यापायी गेला. हिरव्या अळ्या लागल्या म्हणून मी काढायला गेले, तर धावत आले. "वहिनी, पाया पडतो. फुलपाखरं होणार हो त्यांची!" राहू दिल्या बाई. झाडाचा खराटा झाला. आणि फुलपाखरू निघालं त्या सकाळी भाऊजी नेमके ड्युटीवर! संध्याकाळी येऊन रिकाम्या कोषाचाच फोटो काढला. वर मलाच सांगतात, "हेपण आर्टच आहे."

मढला बिल्डिंगची सहल गेली होती तेव्हाची तर आणखीच गंमत. आम्ही बायका पावडरी लावून, समुद्र पाठीशी घेऊन ओळीत उभ्या. भाऊजी वाळूत गुडघ्यावर. आम्हाला वाटलं, काय मेहनत घेतात! रोल धुऊन आला, तर फोटोत हा एवढा खेकडा, आणि मागे पुसट पुसट आमच्या चपला. देसाईबाईंनी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता.

या सगळ्या उद्योगात अर्धी मेहनत त्यांच्या बायकोची, शालनची. वारा आला की छत्री आडवी धरायची, डहाळी हलू नये म्हणून दोन बोटांत पकडायची, आणि मागे छान रंग यावा म्हणून पदर पसरून बसायची. रविवारी कान्हेरीच्या जंगलात जाताना कुठली साडी नेसायची, ते किडा ठरवायचा. मी जिन्यात विचारायची, "काय गं, आज निळी? कुणाचं लग्न?"

"नाय हो ताई, आज लाल चतुर आहे."

तिचं मागणं एकच होतं. तिचा एकटीचा असा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. "अहो, माझो एक काढा की," म्हणायची. भाऊजी कॅमेऱ्याचा डोळा न सोडता उत्तर द्यायचे, "तू खय पळान जातलंस? ह्यो आत्ता उडतलो!" म्हणजे बायको कुठे पळून जात नाही, किडा मात्र उडेल.

ती हसायची. मला एकदा म्हणाली, "ताई, मला आधी पंख फुटूक व्हये."

मग एका वर्षी तिला कावीळ झाली. सगळ्यांना साधीच वाटली. गणपतीला गावी जायचं म्हणून बॅग भरून ठेवली होती तिने. ती बॅग तशीच राहिली, आणि शालन गेली.

तेराव्याला फोटो ठेवायचा होता. तिचा भाऊ म्हणाला, "भावोजी, ताईचो एक बरो फोटो द्या, मोठो करून आणतंय." भाऊजींनी बिस्किटांचे पत्र्याचे डबे जमिनीवर उपडे केले. आम्ही सगळे शोधायला बसलो. फोटोंचा ढीग हो! एका डहाळीवर तिचं बोट, नखात हळद. एका थेंबाच्या कडेला हिरव्या बांगड्या. लाल चतुराच्या मागे सगळं धुक्यासारखं निळं.

"ही तीच," भाऊजी त्या निळ्यावर बोट ठेवून म्हणाले.

चेहरा कुठेच नव्हता.

शेवटी लग्नातला ग्रुप फोटो सापडला. त्यात मुंडावळ्यांमागे शालनचं तोंड तुरीच्या डाळीएवढं. भाऊजींनी तो गॅलरीत उन्हाला टेकवला, नळी बसवली, आणि किड्याच्या जवळ जात तसे श्वास रोखून त्याच्या जवळ जवळ गेले. किती वेळ तसेच होते. मग बटण दाबलं.

तेराव्याला मी गेले तेव्हा भिंतीवर हार घातलेला तो फोटो होता. केवढा मोठा! मी अगदी समोर जाऊन उभी राहिले. नुसते ठिपके. काळे, करडे. नाक कुठलं, डोळा कुठला, काही कळेना. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"तिथून नाय दिसायची ती, वहिनी," मागून भाऊजी म्हणाले. "मागे या. आणखी मागे."

मी मागे सरत पार दारापर्यंत आले. तिथून मात्र ठिपक्यांमधून शालन वर आली. विशीतली, खाली बघून लाजलेली.

भाऊजी तिथेच दाराशी खुर्ची टाकून बसले होते. आत विधीच्या पाटाशी या म्हणून दोघंतिघं बोलवायला आले, पण ते काही पुढे सरकले नाहीत.