गोळीच्या जोडीला

चहाबरोबर बिस्किटाऐवजी गाजर हातात ठेवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? मी पाहिलाय. कळंब्याच्या रस्त्यावर किराणा दुकान चालवणारे आमचे शेजारी, मल्लाप्पाकाका.

"खावा पावणं, अँटीऑक्सिडंट हाय!" काका ओरडायचे. मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी गाजरच दिलं. तो उगाच ओशाळला.

हा अवघड शब्द त्यांच्या घरात आला गिरिजामुळे. गिरिजा त्यांची एकुलती एक मुलगी, बालवाडीत शिकवायची. तिला फिट्स यायच्या. डॉक्टरांच्या गोळीने त्या बऱ्याच आटोक्यात होत्या. पण काकांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की औषधासोबत अँटीऑक्सिडंट व्हिटॅमिन दिलं तर फायदा होऊ शकतो. झालं! डॉक्टरांचं डोकं खाऊन त्यांनी रोज एका कॅप्सूलची परवानगी मिळवली. आणि पोरीला द्यायच्या आधी महिनाभर स्वतः खाल्ली. "ट्रायल घेतली की! हाय अजून जित्ता."

मी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापून वाटायचो. काकांना दुकानातच गाठलं.

"पुरावा काय, काका?"

"लोखंडाला गंज चढतो का न्हाय? तसा मेंदूला. ही गंज काढती."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणालं, गुण येईलच आसं न्हाय. पर गोळी चुकवायची न्हाय. ही जोडीला. बदली न्हाय, जोडीला!"

पुढे साखर मागणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते साखरेसोबत गूळ बांधून द्यायचे आणि म्हणायचे, "बदली न्हाय, जोडीला." एका बाईने फिट आल्यावर चप्पल हुंगवायला सांगितलं, तेव्हा मात्र दुकान दणाणलं. "हुंगवू की. आदी तुमाला हुंगवतो!"

मग स्थळं येऊ लागली. काकांची बहीण म्हणाली, "आण्णा, गोळ्या लपीव. लगीन झाल्यावर कळंलच की."

काकांनी बरोबर उलटं केलं. पोह्यांच्या ट्रेमध्ये, बशांच्या मधोमध, गोळ्यांचा डबा ठेवला. "आदी ह्ये बगा, मग पोरगी बगा."

दोन स्थळं डबा बघूनच परत गेली. मी मात्र खूश होतो. एवढी तत्त्वाची माणसं उरलीत कुठे! तिसऱ्या वेळी मी मुद्दाम हजर राहिलो. मुलाच्या वडिलांनी डबा बघितला, अर्धा चहा खाली ठेवला, काहीतरी काम आठवल्याचं सांगितलं आणि सगळे उठले. गिरिजा पाण्याचे ग्लास घेऊन दारातच उभी होती. तिला कुणी नावसुद्धा विचारलं नाही.

"आप्पा, आजपासनं गोळी बंद," ती म्हणाली. "डबाच नको घरात." आणि आत गेली.

गोळी अशी अचानक बंद केली तर फिट्स उसळून जिवावरही बेतू शकतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी भाषण ठोकायला तोंड उघडलं. काकांनी हातानेच गप्प केलं. पाणी, गोळी आणि कॅप्सूल घेऊन ते आत तिच्यासमोर फरशीवर बसले; मी दारातच थांबलो.

"लगीन न्हाय झालं तर ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू ऱ्हायला पायजेस."

बऱ्याच वेळाने तिने गोळी घेतली. कॅप्सूल तळहातावर तशीच धरली.

"हिचा खरंच गुण येतोय, आप्पा?"

"काय म्हाईत." काका एवढे हळू बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. "गोळी डॉक्टरची. तुझ्या बापानं काय द्यायचं मग? म्हणून ही."

तिने ती गिळली. माझ्या खिशातली पत्रकं खिशातच राहिली.

म्हणून आज तुमच्याकडे एवढंच मागतो. मुलगी बघायला जाल आणि कुणी गोळ्यांचा डबा असा समोर ठेवील, तेव्हा उठू नका. चहा संपवा. काय विचारायचं ते डॉक्टरांना विचारा. पण आधी त्या मुलीला आत बोलवा आणि तिचं नाव विचारा.