सज्ज्याचा बंदोबस्त

"उभ्या नोकरीत माझ्या तुरुंगातून एक माणूस पळाला नाही, तिथे या पाखरांची काय मातब्बरी!"

असं जेलरसाहेब आरशाला म्हणाले. आरशालाच, कारण घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. कैदी पळाला नव्हता हे अगदी खरं. पळाली होती ती बायको!

तशी ती भांडून गेली नव्हती. भांडून गेली असती तर समजूत तरी काढता आली असती. ती खोकून गेली होती. झोपायच्या खोलीबाहेरच्या सज्ज्यावर कबुतरांनी बिऱ्हाड थाटलं, त्यांची घाण वाळून घरभर उडायला लागली, आणि डॉक्टरांनी बजावलं, "या घरात एक तर कबुतरं राहतील, नाही तर तुम्ही." कबुतरं काही डॉक्टरांकडे गेली नव्हती. त्यामुळे बाईच उठून लेकीकडे गेल्या.

तेव्हापासून साहेब सवयीने दोन ताटं घ्यायचे आणि एक गुपचूप परत ठेवायचे. घर इतकं शांत झालं होतं की फ्रिज चालता चालता थांबला तरी दचकायला व्हायचं. सोबतीला खिडकीबाहेर घुटर्रघूं. तेही दोघादोघांनी बसून! साहेबांना तो टोमणा वाटायचा.

आणि सकाळीच लेकीचा फोन आला होता. "बाबा, संध्याकाळी आईला घेऊन येते. एक जरी कबूतर दिसलं ना, तर तिचे उरलेले कपडे भरून नेणार. मग ती माझ्याकडेच राहील. कायमची!"

साहेब तडक हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"बर्ड स्पाइक दाखवा. सगळ्यात कडक!"

दुकानदाराने काटेपट्ट्या काउंटरवर मांडल्या. "पक्षी कुठला आहे साहेब? चिमणीला दाट काटे लागतात, कबुतराला जरा विरळ चालतात. जागा अरुंद असेल तर एक ओळ पुरे, रुंद असेल तर तीन ओळींची पट्टी. प्लास्टिक स्वस्त, पण उन्हात तडकतं. स्टील टिकतं."

"जन्मठेपेला काय वापरतात?"

"अं?"

"स्टील द्या. तीन ओळींची."

साहेबांनी काट्याच्या टोकावर बोट दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, हे तर बोथट आहेत! टोचणार कसे?"

"टोचायचं नसतंच साहेब. पाखराला इजा करायची नाही. फक्त बसायला जागा ठेवायची नाही."

"म्हणजे शिक्षा नाही?"

"शिक्षा नाही. नुसती जागा नाही."

रिकाम्या घराकडे परतताना साहेबांना वाटलं, या दोहोंत फारसा फरक नसावा.

दुपारी त्यांनी दाराला आतून कडी घातली, पट्ट्या आणि गोंदाची नळी घेतली, आणि खिडकीतून सज्ज्यावर उतरले. खिडकीला गज नव्हते. 'जन्मभर गज बघितले, आता घरात नकोत,' असा त्यांचा हट्ट होता. पाय ठेवताच कबुतरं फडफडून समोरच्या गच्चीवर गेली आणि तिथून माना वाकड्या करून बघत बसली.

कुणीही साधा माणूस हे काम पलीकडच्या टोकापासून सुरू करून खिडकीकडे आला असता. पण साहेबांच्या खात्याचा पहिला नियम निराळा होता : आधी वाट बंद करायची, मग बाकीचं बघायचं. हाडात मुरलेली सवय! त्यांनी सर्वप्रथम खिडकीच्या कट्ट्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीन ओळींच्या पट्ट्या ठोकून बसवल्यासारख्या चिकटवल्या. मग एसीच्या डब्यावर. मग कठड्यावर. काम असं चोख झालं की डासालासुद्धा बूड टेकायला जागा राहिली नाही!

साहेबांनी समाधानाने सुस्कारा टाकला, घरात जायला वळले, आणि खिडकीच्या कट्ट्यावर गुडघा टेकवला.

"आई गं!"

काटे पाखरासाठी बोथट होते. साहेबांच्या वजनाखाली ते आपलं कर्तव्य नीट बजावत होते. ओढून बघावं, तर गोंद पक्का वाळलेला. त्यांनी उरलेली पट्टी पुलासारखी टाकावी म्हणून उचलली. तिच्यावरचा गोंद मात्र वाळला नव्हता. दोन्ही तळवे तिला चिकटले ते चिकटलेच! उभ्या जन्मात ज्यांनी दुसऱ्यांना बेड्या घातल्या, ते स्वतःच्या खर्चाने बेडीत उभे राहिले.

तेवढ्यात कबुतरं परतली. कट्टा पाहिला. डबा पाहिला. कठडा पाहिला. सज्ज्यावर आता उंचावर बसण्याजोगी एकच जागा उरली होती.

पहिलं साहेबांच्या टकलावर उतरलं.

खाली रिक्षा थांबली तेव्हा साहेबांच्या दोन्ही खांद्यांवर बैठक भरली होती. आधी बाई उतरल्या, मग लेक उतरली. तिच्या हातात बॅग होती, मोठी, लुळी लोंबणारी, पूर्ण रिकामी. ती बॅग बघून साहेबांना सकाळचा फोन आठवला.

"बाबा! हे काय?"

"बंदोबस्त!" साहेब वरून ओरडले.

"कबुतरं गेली का हो?" बाईंनी तोंडाला पदर लावून विचारलं.

"सगळीकडून गेली!"

"मग डोक्यावर काय आहे?"

"तेवढी... तेवढी एक जागा राहिली."

"आई, दाराला आतून कडी असणार. सुताराला बोलावते."

"सुतार कशाला? एक धक्का दिला की उघडतं ते दार. मी रोजच उघडायचे." आणि खरंच, साहेबांच्या अभेद्य दाराचा एकदाच 'खाड' आवाज आला.

मग आत कपाटाची करकर ऐकू आली. कपडे भरायला घेतले! साहेबांनी डोळे मिटले. आता बोलायलाच हवं होतं. पण बोलायचं कसं? आयुष्यात त्यांनी कोणालाही 'राहा' अशी विनंती केली नव्हती. त्यांच्याकडे माणसं हुकमानेच राहायची.

डोळे उघडले तर बाई नाकातोंडाला शाल गुंडाळून खिडकीत उभ्या. त्यांनी ती रिकामी बॅग चौपदरी केली आणि कट्ट्यावरच्या काट्यांवर दाबून बसवली. काटे कापडातून आरपार वर आले.

"आई, नवी बॅग आहे! फाटली ना!" आतून लेक किंचाळली.

"फाटू दे. आता कुठे न्यायची आहे ती? अहो, वरून एक उशी टाकते, मग पोटावर सरकत या. उद्या माणूस बोलावून सज्ज्याला जाळी लावून घेऊ. तुम्ही कशाला हात लावू नका!"

साहेब खिडकीकडे वाकले. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम ओठांशी आलं. टकलावरचं कबूतर उडालं, एक पीस गिरक्या घेत खाली आलं आणि नाकाशी थांबलं.

"अगं..."

"बोला ना."

साहेबांनी बेडीतले हात पुढे केले, बाईंच्या डोळ्यांत पाहिलं, आणि कातर आवाजात म्हणाले,

"जरा नाक खाजवतेस?"