रिलीव्हर येईपर्यंत

आमचे आप्पा कांदा चिरताना कंपनीचा गॉगल लावतात. मिरच्या भाजायच्या असल्या तर हातमोजेही घालतात. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कंपनी काही अंगातून गेलेली नाही.

आई माझ्याकडे कॅनडाला आली आणि दौंडच्या घरातल्या स्वयंपाकघराचा आप्पांनी 'चार्ज घेतला'. तेव्हापासून भात करपला की 'बॅच फेल', गॅस संपला की 'प्लांट शटडाउन'. भाकरी त्यांना जमत नाही. ती 'कॉन्ट्रॅक्टवर' येते, म्हणजे शेजारच्या काकू देतात. एकदा काकूंनी उतू चाललेलं दूध न विचारता उतरवलं, तर त्यांनाच ऐकावं लागलं, "वैनी, चालू लाइनीला हात लावायचा न्हाई."

रोज संध्याकाळी ते आईला व्हिडिओ कॉलवर 'हँडओव्हर' देतात. पाळी संपली की पुढच्या माणसाला सगळं सांगूनच निघायचं, ही कारखान्याची रीत. दूध विरजलं. तुळशीला पाणी झालं. मागच्या दाराची कडी ढिली हाय, ध्यान ठेवावं. आमच्याकडे तेव्हा सकाळ. बाळाच्या आंघोळीची घाई, आई त्याला तेल लावत असायची. आम्ही नवरा-बायको हसायचो. आता सांगूनच टाकतो, पुष्कळदा मीच आईच्या हातून फोन घेऊन "आप्पा, उरलेलं उद्या" म्हणून बंद केलाय. आईला बोलावलं तेही मीच. चाळिशी उलटल्यावर बाप झालो, पाळणाघरात जागा मिळेना. म्हटलं, सहा महिने ये.

मध्यंतरी ऑफिसच्या कामानं पुण्यात आलो, तसा दोन दिवस घरी गेलो. बायकोनं बजावून ठेवलं होतं: आईंचा मुक्काम आणखी सहा महिने वाढवायचाय, आप्पांना विचारून या.

गेल्या गेल्या कळलं, शिरूरच्या आत्याकडचं लग्न आप्पांनी उभ्या उभ्या उरकलं होतं. अक्षता पडल्या की माघारी. आत्यानं राहायचा आग्रह केला, रुसलीसुद्धा. यांचं एकच, "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडता येत न्हाई." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की आप्पा त्याचीही पाळी ओढून घरी उगवायचे.

विचारलं एकदाचं. आप्पा गॉगल पुसत होते. पुसतच राहिले.

"वाढव की. रिलीव्हर न्हाई आला तर डबल मारायची. मला काय नवीन हाय व्हय?"

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली. मला थोड्या वेळानं निघायचं होतं. आप्पा ओट्यापाशी जरा घुटमळले, मग म्हणाले, "तासभर चार्ज घेतोस का?"

मी हसत हो म्हटलं. ते हसले नाहीत. दूध तापवायचं हाय, मांजर खिडकीतनं येतं, मागली कडी ढिली हाय, सगळं एकेक करून सांगितलं. या वेळी मी मध्ये तोडलं नाही. मग गॉगल माझ्या हातात दिला, आत जाऊन आईच्या कॉटवर आडवे झाले आणि पाठ टेकायचा अवकाश, घोरायला लागले.

मी आईला फोन लावला. तिकडे पहाट होती, पण बाळ दुधाला उठलं होतं, म्हणून ती जागीच होती.

"काय म्हणले?"

"वाढव म्हणाले."

"हायेत कुठं?"

"झोपलेत."

"ह्या वेळंला?" आई बाळाला थोपटायला लागली. बाळाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. "दुपारचं कवाच झोपत न्हाईत रे ते. माझं तिकीट हाय तेच ऱ्हाऊ दे."

मी बरं म्हटलं.

दूध तापवलं. मांजर आलं, त्याला हाकललं. माझी निघायची वेळ टळून गेली. बॅग दाराशी तशीच होती. पण आप्पा उठल्याबिगर जागा सोडता येत नव्हती.