परक्या माणसांचे सुपडाजी

खामगावच्या स्टेशनावर कोणी अनोळखी माणूस उतरला, की टांगेवाले त्याला कुठे जायचं ते विचारत आणि हमाल सामान किती ते विचारत. सुपडाजी त्याला विचारत, "लढाई सुरू हाये, ठावं हाये ना?"

सुपडाजींचं सरकी-ढेपेचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावरच होतं, त्यामुळे त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नसे. माणूस ट्रंक उचलून चाललेला असो की लघवीची जागा शोधत असो, सुपडाजी त्याला पोत्यावर बसवत, पाणी देत आणि लढाईच्या मुलखात परक्या माणसाने कसं राहावं, याचं ज्ञान देत. ज्ञान फुकट होतं. ढेपेचे पैसे मात्र रोख.

आता दुसरी लढाई सुरू होती हे खरं. पण खामगावात ती रॉकेलच्या रांगेपुरती आणि वर्तमानपत्रापुरती होती. पुण्याहून एक काडेपेट्यांचा एजंट आला होता, त्याने तसं बोलूनही दाखवलं. म्हणाला, इथे कुठे आहे हो लढाई? सुपडाजींनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बसऱ्यातबी पयल्या दिवशी असंच वाटे," ते म्हणाले. एजंटाने दुसऱ्या दिवशीची गाडी धरली.

पहिल्या लढाईत सुपडाजी खच्चरं हाकायला इराकात बसऱ्याला गेले होते. मोताळ्याकडच्या एका खेड्यातला हा पोरगा, मलकापूरच्या पलीकडे कधी न गेलेला, बोटीत बसून गेला आणि दोन वर्षांनी परत आला. तेवढ्या भांडवलावर त्यांनी पुढे सारा जन्म काढला. तिथे बंदूक त्यांनी हातात धरली नव्हती. पण तो विषय निघाला की ते म्हणत, बंदूकवाल्याला फक्त समोरचा मारतो, खच्चरवाल्याला दोन्हीकडचे मारतात आणि वर खच्चर लाथ मारतं ती वेगळी.

परका कोण, याविषयी त्यांची व्याख्या ऐसपैस होती. जालन्याकडून निजामाच्या मुलखातून आलेला गुरांचा दलाल परका, इंजिनवाला मद्रासी परका, आणि मीही परका, कारण मी साताऱ्याकडून इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. त्यांच्या दुकानामागचीच खोली मी भाड्याने घेतली होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझा ताबा घेतला.

"मास्तर, लढाईचा मुलूख हाये, बापा," हे त्यांचं पालुपद. त्यानंतर कायद्याची कलमं येत. परक्या मुलखात तिथले तीन शब्द आधी शिकावेत: पाणी, भाकर आणि 'तो मी नाही'. पुलावर थांबू नये, चप्पल तुटली तरी तुटकी हातात घेऊन पलीकडे जावं, कारण पुलाकडे पाहणारा माणूस शिपायाला आवडत नाही. झोपताना वहाणा उशाशी घ्याव्यात. मीठ आणि रॉकेल आठ दिवसांचं जवळ ठेवावं. आणि लढाई कोण जिंकणार असं कोणी विचारलं, तर पाऊस बरा आहे म्हणून सांगावं. "जिंकनारा जिंकन. आपुन काऊन नाव घ्याचं?"

मी हसत असे आणि माझ्या वहाणा दाराबाहेरच ठेवत असे. पण गावात एक माणूस असा निघाला, की त्याने सुपडाजींचं प्रत्येक कलम सरकारी हुकूम समजून पाळलं.

तो माणूस हंगेरीचा. नाव फेरेन्त्स. कापसाच्या एका जिनिंगमध्ये नवं इंजिन बसवायला लढाईच्या आधी आला होता, इंजिन बसवलं आणि मालकाने त्यालाही तिथेच बसवून घेतलं. उंच, थोराड, पन्नाशीचा, मिशा तेलाने माखलेल्या. मिशांचं तेल कोणतं आणि इंजिनाचं कोणतं ते सांगणं अवघड. मराठी येत नव्हतं, इंग्रजी मोडकं येत होतं, तेव्हा दोघांमधला दुभाषा मी.

सुपडाजींनी आधी त्याचं नाव दुरुस्त केलं. लढाईच्या मुलखात माणसाचं नाव पोलिसाला लिहिता आलं पाहिजे, हे त्यांचं मत. "लिवता नाही आलं की त्याले राग येते, आन् राग आला की थो लय लिवते." म्हणून फेरेन्त्सचा फरांदे झाला. साऱ्या स्टेशन रस्त्याने त्याला फरांदेसाहेब म्हणायला सुरुवात केली, आणि एकदा तर अकोल्याचे कोणी खरे फरांदे सोयरीक विचारायला दुकानात येऊन बसले.

आपण ऐकावे जनाचे, करावे मनाचे. हा गृहस्थ ऐकायचा सुपडाजींचं आणि करायचाही सुपडाजींचंच. वहाणांऐवजी त्याच्याकडे गुडघ्यापर्यंतचे बूट होते, ते उशाशी घेऊन झोपायचा. पुलावरून पळत जायचा, त्यामुळे शिपाई हटकून त्याच्याकडेच पाहायचे. आणि एकदा फौजदाराने सहज म्हणून विचारलं, काय फरांदेसाहेब, कोण जिंकणार? तर भर जानेवारीत कोरड्या आभाळाखाली त्याने गंभीरपणे सांगितलं, पाऊस बरा आहे. फौजदार बराच वेळ वर पाहत राहिला.

सुपडाजींचं एक कलम मात्र मला तेव्हाही हसण्यावारी नेता आलं नाही. परक्या मुलखात रोज एका तरी घरी तोंड दाखवावं, असं ते म्हणत. काम असो नसो. म्हणजे एखाद्या दिवशी माणूस दिसला नाही, तर निदान एक जण म्हणेल, आज तो आला नाही. फरांदेचं ते घर म्हणजे सुपडाजींचं दुकान. रोज संध्याकाळी जिनिंग सुटलं की तो येऊन ढेपेच्या पोत्यावर बसे, सुपडाजींची सून चहा पाठवी, आणि दोघं एकमेकांना न कळणाऱ्या भाषांत तासभर बोलत. मी असलो तर बोलणं अडे, कारण मी मध्ये अर्थ सांगायला लागत असे.

पुढे हंगेरी शत्रूच्या गोटात गेली. फरांदेला आठवड्याला पोलिस ठाण्यात हजेरी लागली, पण जिनिंगच्या मालकाची वट होती आणि इंजिन दुसऱ्या कोणाच्या हाताला चालत नव्हतं, म्हणून त्याला गावात राहू दिलं. काही वावगं घडलं तर मात्र नजरकैदेच्या छावणीत रवानगी होईल, असं पोलिस साहेबाने बजावलं होतं. छावणी म्हणजे काय ते सुपडाजींना ठाऊक होतं. बसऱ्याला त्यांनी तारेमागची माणसं पाहिली होती. त्या दिवसापासून त्यांचे सल्ले दुप्पट झाले.

आणि मग सरकारला खामगावच्या रक्षणाची काळजी वाटू लागली. जपान्यांची विमानं सरकी लुटायला येतील असं वाटलं की काय, कोण जाणे. नागपूरहून एक अधिकारी आला, मैदानात खंदक खणले गेले आणि कवायतीचा दिवस ठरला. विमान आल्याची खूण म्हणून जिनिंगचा भोंगा वाजवायचा, आणि तो वाजला की लोकांनी खंदकात जाऊन बसायचं. भोंगा तुटक वाजवायचा, चढता-उतरता, म्हणजे तो रोजचा नव्हे हे लोकांना कळेल. अधिकाऱ्याने फरांदेला हे समजावून सांगितलं. फरांदेने मान हलवली, आणि संध्याकाळी रिवाजाप्रमाणे ही गोष्ट सुपडाजींच्या कानावर घातली.

सुपडाजी पोत्यावरून उठूनच उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की असला चमत्कारिक आवाज ऐकून बायका घाबरतील, बैल बिथरतील, कोणी विहिरीत पडेल, आणि मग लोक विचारतील की आवाज कोणी काढला. "परक्या मानसानं लढाईच्या मुलखात नवा आवाज काढू नाही," ते मला म्हणाले. "त्याले सांगा, मास्तर. रोजचा वाजीव म्हना. लांब, सरळ. कोनाले काई वाटनार नाही." मी सांगितलं, आणि अधिकाऱ्याचा हुकूम वेगळा आहे हेही सांगितलं. फरांदेने दोघांकडे पाहिलं. अधिकाऱ्याला तो एकदा भेटला होता. सुपडाजींना रोज भेटत होता.

कवायतीच्या दिवशी जिनिंगला सुट्टी होती. दुपारी भोंगा वाजला, रोजच्यासारखा, लांब आणि सरळ. चाळीस वर्षं या गावात त्या भोंग्याचा एकच अर्थ होता, कामाला या. मालाच्या गाड्या जास्त आल्या असतील, सुट्टीच्या दिवशी बोलावलंय म्हणजे मजुरी जास्त मिळेल, असा हिशेब गल्लोगल्ली झाला. बायकांनी फडक्यात भाकरी बांधल्या, लेकरं कडेवर घेतली, आणि सारा कामकरी खामगाव जिनिंगच्या फाटकावर येऊन उभा राहिला. मागून मजुरी वाटतायत की काय म्हणून बाकीचेही आले. मैदानातल्या खंदकात नागपूरचा अधिकारी, दोन स्वयंसेवक आणि एक बकरी एवढेच होते. बकरी आधीपासूनच होती.

गाव आठ दिवस हसलं. अधिकारी हसला नाही. शत्रूच्या देशाचा माणूस, विमानं यायच्या वेळी, रुईच्या गंजींपाशी सारं गाव एका जागी गोळा करतो, असं त्याने कागदावर उतरवलं. तसं लिहिल्यावर ते मलाही भयंकर वाटलं.

चौकशीला दुभाषा म्हणून मलाच बोलावलं. अधिकाऱ्याने सरळ विचारलं: हुकूम असा असताना रोजचा भोंगा वाजव असं तुला सांगितलं कोणी? मी प्रश्न इंग्रजीत नीट करून सांगितला. खरं तर तो त्याला आधीच कळला होता. फरांदेने खिडकीबाहेर पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि चक्क मराठीत उत्तर दिलं.

"पाऊस बरा आहे."

त्याने तीन वेळा तेच उत्तर दिलं. मग अधिकाऱ्याने टाक खाली ठेवला. मी बोललो असतो तर सुपडाजी अडकले असते. फरांदेने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तोंड उघडलं नाही. छावणीचा हुकूम निघाला.

हे सारं मी सुपडाजींना सांगितलं, तेव्हा ते गिऱ्हाइकाला ढेप मोजून देत होते. तागडी तशीच हातात राहिली. गिऱ्हाईक म्हणालं, सुपडाजी, जास्त पडली. ते म्हणाले, ने.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, खच्चरवाल्यांना मिळालेलं बिल्ल्याएवढं पदक कोटाला लावलं आणि मला घेऊन मोटारीने घाट चढून बुलढाण्याला डिप्टी कमिशनरकडे निघाले. वाटभर एक अक्षर बोलले नाहीत. मोटारीत पलीकडच्या बाकावर दोन परके गृहस्थ बसले होते, तरीसुद्धा.

साहेबासमोर ते ताठ उभे राहिले. भोंग्याचा सल्ला माझा, म्हणाले, तेव्हा छावणीत मला पाठवा. साहेबाला मराठी येत होतं. तो माणूस वाईट नव्हता, त्याला हसू आवरेना एवढंच. त्याने समजावलं, की छावणी फक्त परक्या देशाच्या लोकांसाठी असते. मग थट्टेने विचारलं, तुम्ही काय परके आहात?

"व्हतो, साहेब," सुपडाजी म्हणाले. "दोन वर्सं व्हतो. कोनी मले काई सांगतलं नाही. पानी कसं मांगाचं तेबी नाही. जे हाये ते मी एकट्यानं शिकलो. म्हनून सांगत सुटतो लोकायले. याले चुकीचं सांगतलं मी."

साहेबाचं हसू गेलं. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहाही मागवला. हुकूम मात्र बदलला नाही. तो वरून आला होता.

फरांदेला न्यायला दोन शिपाई आले, त्या सकाळी निम्मा स्टेशन रस्ता फलाटावर होता. सुपडाजींच्या सुनेने भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली होती. जलंबला जाणारी गाडी उभी होती आणि सुपडाजी खिडकीच्या गजाला धरून सल्ले देत होते: कोपऱ्यातलं अंथरूण घेऊ नको, दाराजवळचं घे, पहिल्या दिवशी कोणाशी दोस्ती करू नको, चौथ्या दिवशी कर, बूट उशाशी घे, आंघोळीला पहिला जा, जेवायला शेवटी नको. मी अर्थ सांगायला लागलो, तर फरांदेने हाताने मला थांबवलं. तो फक्त सुपडाजींच्या तोंडाकडे पाहत होता आणि प्रत्येक सल्ल्याला मान हलवत होता.

गाडी हलली. सुपडाजी तिच्याबरोबर चार पावलं चालले, मग फलाट संपला. शेवटचा डबा वळणाआड गेल्यावरही ते तिथेच उभे होते. लोक पांगले. मी म्हटलं, चला, दुकान उघडायचंय.

"एक सांगाचंच राह्यलं, मास्तर," ते म्हणाले.

मी म्हटलं, पत्राने कळवू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. असली गोष्ट पत्रात लिहीत नाहीत, आणि शिपाई आधी वाचतात, म्हणाले. काय राहिलं, मी विचारलं. ते रुळांकडे पाहून हळू बोलले.

"पयल्या राती लय रडू येते. त्याले लाजाचं नाही, येऊ द्याचं. मंग झुंजूमुंजू झालं की उठाचं, आन् खच्चराले पानी दाखवाले न्याचं. थे पानी पेते तवा त्याच्या मानेवर हात ठेवून उभं राहाचं. मंग दिवस निंगते. पर तिथं त्याले खच्चर कोन देईन?"