सबवेचा चढ आणि डोंगरी गिअर

मी फक्त मागच्या चाकाची एक दातेरी चकती बदलायचं ठरवलं होतं. (आमच्याकडे 'फक्त'ने सुरू झालेलं काहीच धड संपत नाही. मीसुद्धा फक्त मुलगा बघायला म्हणून चेन्नईला आले होते.)

सायकल माझी नव्हे, नवऱ्याची. राघोत्तमने ती ऑनसाइटहून, थेट जर्मनीहून आणली. टूरिंग सायकल, म्हणजे सामान लादून देशोदेशी भटकायची. तिच्यावरून तो कन्याकुमारीला जाणार होता. तूर्त तो कंपनीच्या बसने शोळिंगनल्लूरला जातो आणि सायकल वेस्ट मांबलमच्या आमच्या बाल्कनीत उभी राहून टॉवेल वाळवते.

ती मी बाहेर काढली अमोघसाठी. अमोघ तीन वर्षांचा होत आला आणि बोलत नव्हता. एक शब्दही नाही. कान उत्तम, भूक उत्तम, हट्ट तर फारच उत्तम. खालच्या मजल्यावरची त्याच्या वयाची मुलगी इंग्रजी बडबडगीतं म्हणते. तिची आई मला जिन्यात गाठून विचारते, "अजून नाही?" मी हसते. घरात आल्यावर ते हसू चपलांबरोबर दाराशी काढून ठेवते.

"घरात भाषा किती?" स्पीच थेरपिस्ट लावण्या मॅडमनी विचारलं.

मी मोजायला लागले. माझी नाशिकची मराठी. सासरे अप्पाजींची तंजावरची मराठी, जी काही पिढ्यांपूर्वी इकडे आली आणि परत गेलीच नाही. बापलेकांचं आपसांतलं तमिळ. टीव्हीचं इंग्रजी. चार भाषांनी मिळून एका पोराला गप्प केलं होतं.

"सरमिसळ कमी करा," त्या म्हणाल्या. "त्याला बाहेर न्या. दिसेल ते एकाच भाषेत सांगत राहा."

रिक्षात सांगत राहणं अशक्य. रिक्षात आपलं रडणंही आपल्याला ऐकू येत नाही. (अनुभव आहे.) म्हणून सायकल. पुढच्या दांड्यावर छोटी सीट लावली, अमोघला पट्ट्याने बांधलं आणि टी. नगरच्या क्लिनिकपर्यंत "ती बघ गाय, तो बघ नारळवाला" सुरू केलं. गाय बघून घ्यायची, अमोघ बघून घ्यायचा. बोलायची मी.

चेन्नई तव्यासारखी सपाट आहे. माझ्या वाटेत चढ एकच, रेल्वेखालच्या दुरैसामी सबवेतून वर येतानाचा. पण त्या सायकलला गिअर मात्र शर्यतीच्या सायकलचे, सपाट रस्त्यावर भरधाव पळणाऱ्यांसाठी केलेले, जड. अर्ध्या चढात माझे पाय संपायचे. उतरून ढकलायला लागावं तर मागून बसचा हॉर्न, अमोघ कानांवर हात ठेवायचा आणि मग दिवसभर माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. क्लिनिकला पोचेपर्यंत सगळी मेहनत वाया.

राघोत्तमच्या अमेरिकेला गेलेल्या एका मित्राची माउंटन बाइक आमच्या जिन्याखाली पडून होती. तिची मागची चकती पोळपाटाएवढी. ती लावली की चढ हलका! मी दोन्ही सायकली स्टेशनजवळच्या शेषगिरी मेकॅनिककडे नेल्या.

चकती बसली. चेन पुरेना. चेन लांब केली, तर ती लोंबायला लागली. चेन ताणून धरणारा आणि एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा जो हात असतो, तो डिरेलर, आखूड पडला. मग डोंगरी सायकलचा लांब डिरेलर आला.

"आता पुढच्या, पेडलजवळच्या तीन चकत्या आणि पुढचा डिरेलरही तिचाच घालू ना, मॅडम?"

"आणि हँडलवरचे गिअरचे खटके?"

"ते तुमचेच राहू देत. अड्जस्ट पण्णिक्कलाम!"

करून घेऊ अड्जस्ट! या शहरात मी आल्यापासून हे वाक्य प्लंबरने, घरमालकाने आणि लग्नाच्या वेळी भटजींनीही मला ऐकवलं आहे.

मी अगदीच आंधळेपणाने हो म्हटलं असं नाही. आदल्या दुपारी अमोघ झोपलेला असताना इंटरनेटवर परदेशी सायकलवाल्यांच्या चर्चा वाचल्या होत्या. रस्त्याच्या सायकलचे खटके आणि डोंगरी सायकलचा मागचा डिरेलर यांचं छान जमतं, असं एकाने छातीठोकपणे लिहिलं होतं. त्याखाली 'मात्र पुढच्या बाजूला' अशी सुरुवात होती, आणि अमोघ उठला. (माझं सगळं ज्ञान अमोघ उठेपर्यंतचं आहे.)

घरी अप्पाजींनी त्या लोंबत्या हाताकडे बोट केलं. "याला नाव काय म्हणून सांगटलीस?"

"डिरेलर."

"उभा जन्म रेल्वेत राबटलों मी, गाडी रुळावरून उतरू नये म्हणून. आणि तू उतरवायचं यंत्र हौसेने लावून आणटलीस!"

राघोत्तम रात्री आला, बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मग म्हणाला, "आपल्याकडे दोन सायकली होत्या."

"आता एक आहे. पण चढणारी."

"ऊर्मी, चेन्नईत डोंगर कुठेय?"

"सबवे आहे."

तो काही बोलला नाही. आमच्या घरात न बोलणं कुणाकडून आलं, हे तेव्हा मला थोडंफार कळलं.

पुढच्या खेपेला मी सबवेत ऐटीत उतरले. "बघ हं अमोघ, आता आई कशी चढते!" चढ लागला तसा पुढच्या चकत्यांचा डावा खटका दाबला. चेन मोठ्या चकतीवरून उतरली, मधली तिने विचारातच घेतली नाही, सर्वांत छोटीही ओलांडली आणि पलीकडे फ्रेमवर जाऊन पडली. माझे पाय गरगर फिरत होते आणि सायकल मागे घसरत होती. मी ब्रेक दाबले, दोन्ही पाय जमिनीला टेकवले. ओढणी कुठेतरी अडकून टरकन फाटली. मागे सिटी बस करकचून थांबली, तिच्या मागे अख्खं वेस्ट मांबलम.

कंडक्टर दारातून लोंबकळून ओरडला, "पोच्चु! चेन पोच्चु, अम्मा!"

गेली. चेन गेली. तमिळमध्ये कशाचंही वाटोळं झालं की एवढं एकच म्हणायचं असतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चेनसाठी नव्हे. मला एक पोर बोलतं करता येत नाही, एक चढ चढता येत नाही, आणि हे सगळं हॉर्न वाजवत लोक बघतायत, म्हणून.

"पोच्चु."

मला वाटलं, पुन्हा कंडक्टर. पण आवाज पुढून आला होता. अमोघने मान वळवली होती. कानांवर हात नव्हते. माझ्या तोंडाकडे नीट बघून, हलक्या आवाजात, त्याने पुन्हा सांगितलं, "पोच्चु."

मी दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. दोन्ही हात, म्हणजे ब्रेकवरचेही. सायकल आम्हा दोघांना घेऊन सावकाश मागे गेली, बसच्या बंपरला टेकली, आणि तो नवा लांब डिरेलर कुडकन वाकला.

"अदुवुम पोच्चु," कंडक्टर म्हणाला. तेही गेलं.

सायकल ढकलत घरी आले तेव्हा मी रडत होते की हसत होते, अप्पाजींना कळेना. संध्याकाळी राघोत्तमला फोन करून लवकर बोलावून घेतलं. इतके महिने मी गाय दाखवली, नारळ दाखवला, आणि पोराने उचलला तो कंडक्टरचा शब्द. असू दे. शब्द तर आहे! एक आला की रांग लागेल, असं लावण्या मॅडम फोनवर म्हणाल्या. मीही ठरवलं, लोखंड गरम आहे तोवर दुसरा शब्द काढायचा. आणि तो कोणता, हे काय सांगायला हवं?

अमोघला खुर्चीवर बसवलं. बाप आणि आजोबा समोर. मी गुडघ्यांवर बसले, केसांत ग्रीस, खांद्यावर अर्धी ओढणी.

"अमोघ, ही कोण?" राघोत्तमने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. "सांग. ही कोण?"

मी ओठांनी आवाज न करता 'आ-ई' करून दाखवत होते.

अमोघने मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. घाई केली नाही.

"पोच्चु," तो म्हणाला.

राघोत्तमचं बोट माझ्याकडेच राहिलं. मग अप्पाजींनी मान डोलावली. "पोर हुशार आहे. नीट पाहून बोलटलं."

"पोच्चु!" अमोघने पुन्हा, या वेळी मोठ्याने, हात पसरून हाक मारली.

आणि मी ओ दिली.