बाबांच्या लेथचं तेल

लेथचं तेल बदलणं म्हणजे काय हो? खालचा बोल्ट काढायचा, जुनं तेल सोडायचं, वरून नवं ओतायचं. ज्याला चहा गाळता येतो त्याला हे यायलाच हवं! रविवारी सकाळी मी बायकोला असं छातीठोकपणे सांगितलं.

लेथ माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा. लोखंड कातायचं हे यंत्र जमिनीवर उभं, माझ्या खांद्याएवढं उंच. चाळीस वर्षं टर्नर म्हणून काढलेला हा माणूस केसाएवढा फरक बोटानं ओळखतो. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना वाकायला बंदी केली, आणि गिअरबॉक्सचा बोल्ट तर पार खालच्या अंगाला. महिनाभर ते मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून लेथकडे नुसते बघत होते. ते बघणं मला बघवेना. मी चित्रकलेचा शिक्षक असलो म्हणून काय झालं!

"जावईबापू, आधी पाच मिनिटं मशीन चालवा. तेल कोमट झालं की भराभरा उतरतं," तपासणीला निघताना बाबा म्हणाले. "नवं ओताल तेव्हा ती गोल काच अर्धी भरली की थांबायचं. आणि..."

"बाबा, तुम्ही निश्चिंत जा!"

बायको त्यांना घेऊन हॉस्पिटलात गेली. मी लेथ पाच मिनिटं चालवला, बंद केला, खाली परात ठेवली आणि जमिनीवर आडवा होऊन बोल्ट काढला.

काय सांगू तुम्हाला! खिडकीतून ऊन आलेलं, आणि त्या उन्हात तेलाची धार. घाई नाही, आवाज नाही. मधासारखी जाड, मग दोरीएवढी, मग सुतासारखी. ती हलायची तसं भिंतीवर एक पिवळं वर्तुळ हलायचं. हा रंग कसा करावा? थोडा पिवळा, थोडा तांबडा... मी बघत राहिलो. किती वेळ, देव जाणे. धार थेंबांवर आली तेव्हा मी तसाच तरंगत उठलो, स्टुलावर चढलो आणि नवं तेल ओतायला लागलो. बोल्ट माझ्या खिशात होता.

डबा संपला. काच रिकामी.

"दमलाय बिचारा. तहान लागलीय!" मी लेथच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसरा डबा उघडला.

तोही संपला तेव्हा मी खाली पाहिलं. परात कधीच भरून वाहिली होती. फरशीवर तेलाचं तळं झालं होतं, आणि त्यात खिडकीतलं आख्खं आभाळ उतरलेलं. एक ढग तर कपाटाखाली चालला होता! इतकं सुंदर दृश्य मी वर्गात कधी कुणाला दाखवू शकलो नव्हतो. नीट बघावं म्हणून मी स्टुलावरून उतरलो.

पहिलं पाऊल ढगावर पडलं. दुसरं पडलंच नाही. मी धपकन बसलो, आणि बसल्या बसल्या, एखादी होडी काठाला लागावी तसा, अलगद भिंतीला जाऊन टेकलो. उठायला गेलो की पुन्हा होडी सुटायची!

"मास्तर, कसला आवाज झाला?" शेजारच्या काकूंनी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. त्यांचा मिक्सर घरघरत होता.

"काकू, बाबांच्या लेथमधलं तेल गेलं! सगळं गेलं हो!"

मिक्सरनं मधलं सगळं दळून टाकलं. काकूंना ऐकू आलं ते एवढंच: "बाबा... गेले हो!"

मिक्सर बंद झाला. मग दारं वाजली. मग पुढच्या अंगणात हलकी कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, मदत आली. पण आत कुणीच येईना. तेलात बसून मी ऐकत राहिलो. स्वप्नात ऐकू यावेत तसे लांबून शब्द येत होते.

"देवमाणूस!" हा आवाज शिंपीदादांचा. "माझ्या मशीनचं चाक त्यांनी असं बसवलं, की दहा वर्षांत कुरकुर नाही."

"रागीट होते, पण हात सोन्याचा!" काकू हुंदके देत म्हणाल्या.

"रागीट कुठे? शिस्तीचे म्हणा," आणखी कुणीतरी म्हणालं.

मग एकदम शांतता. आणि त्या शांततेत बाबांचा आवाज: "थांबलात का? बोला की!"

काकू किंचाळल्या. नंतर कळलं, बाबा काठी टेकत, माझ्या बायकोच्या आधारानं फाटकाशी उभे होते, आणि किती वेळ उभे होते ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मागच्या खोलीच्या दारात येऊन त्यांनी तळं पाहिलं, मला पाहिलं. इतकी वर्षं जपलेला लेथ, आणि मी!

"अहो, तुम्ही बसलात कशात?" बायकोनं कपाळाला हात लावला.

"बोल्ट कुठाय?" बाबांनी विचारलं.

मी खिशातून काढून दाखवला. बाबांचा चेहरा थरथरला. मग हा शिस्तीचा माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. लाकडाचा भुसा पसरून फरशी साफ झाली, शिंपीदादा नवा डबा घेऊन आले आणि बाबांनी खुर्चीवरून एकेक सूचना देत माझ्याकडून सगळं पुन्हा करून घेतलं. काच बरोबर अर्धी भरली. लेथ फिरला, मांजर घुरघुरावं तसा. बाबांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि माझा तेलकट खांदा थोपटला.

मला जरा धीर आला. काकू घरी निघाल्या तेव्हा मी त्यांना हळूच विचारलं, "काकू, समजा मीच गेलो असतो, तर माझ्याबद्दल काय बोलला असतात?"

काकूंनी बराच वेळ, अगदी मनापासून विचार केला.

"म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "याचे सासरे फार चांगले आहेत हो!"