सासूबाईंचे पाय

भिकनबाबा संपावर गेले आणि गजेंद्रच्या इस्रायलला जाण्याच्या बेतात पहिली माशी शिंकली.

भिकनबाबा हे सरलाबाईंच्या क्लासचे सरावाचे म्हातारे. लिंबायत या गुजरातेतल्या खानदेशी वस्तीत एका फरसाणाच्या दुकानावरच्या खोलीत सरलाबाई हा क्लास चालवत. परदेशात म्हाताऱ्या माणसांची घरी राहून सेवा करायची, त्याचं शिक्षण तिथे मिळे. सरलाबाई मूळच्या अमरावतीकडच्या, जन्म नर्स म्हणून गेलेला. सरावाला त्यांनी भिकनबाबांना चहा-नाश्त्यावर ठेवलं होतं. विद्यार्थी पाळीपाळीने बाबांना उठवत, बसवत, भरवत आणि ओल्या फडक्याने पुसून काढत. बाबा सुरुवातीला खूश होते. पण परीक्षा जवळ आली तसा विद्यार्थ्यांचा उत्साह वाढला आणि बाबांना सर्दी झाली.

"मी काय ताटवाटी शे का?" बाबा शिंकत म्हणाले. "जो येस तो माले घासस!" आणि ते जे गेले ते लेकाकडे नवागामला जाऊनच थांबले.

"आता परीक्षेले आपापल्या घरून एकेक म्हातारं माणूस आणा न बाप्पा," सरलाबाईंनी जाहीर केलं. "अन् खरं म्हातारं आणजा. मागच्या खेपेले एकानं मिशा पांढऱ्या करून भाऊ आणला होता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गजेंद्रची मान तेवढी डोलेना. त्याचे आईवडील कधीच वारले होते. ज्या कापडाच्या कारखान्यात तो लूम चालवत होता तो मालकाने बंद करून लूम भंगारात काढले होते. दुसऱ्या कारखान्यांतही "पुढच्या महिन्यात या" हेच ऐकू येत होतं. ही परीक्षा पास झाली तरच इस्रायलच्या तुकडीत नाव लागणार होतं आणि त्यानंतरची तुकडी कधी निघेल ते सरलाबाईंनाही ठाऊक नव्हतं.

गल्लीत म्हातारे काही कमी नव्हते. पण गजेंद्रने सगळा सराव त्यांच्यावरच करून ठेवला होता. ओट्यावर विडी ओढत बसलेल्या म्हाताऱ्याला तो न विचारता काखेत हात घालून उभा करी, चार पावलं चालवी आणि पुन्हा होता तिथे बसवी. निंबाआप्पांना तर त्याने भर दुपारी झोपेतून या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं होतं. त्यामुळे हल्ली गजेंद्र गल्लीच्या तोंडाशी दिसला की पटापट दारं लागत.

"मंग मनी माय शे ना!" त्याची बायको सुषमा म्हणाली.

सासूबाई सुंदराबाई जवळच, धाकट्या मुलाकडे, गोपालकडे राहत. पण लग्न झाल्यापासून त्यांनी जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की त्याच्याशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. जे काही सांगायचं ते तिसऱ्या माणसामार्फत. तिसरं माणूस नसेल तर त्या भिंतीला सांगत आणि गजेंद्र भिंतीकडून ऐके. खानदेशात जावई म्हणजे देव, आणि देवाकडून पाय धुऊन घेणारी बाई अजून जन्माला यायची होती.

सुषमाने आईला निम्मंच सांगितलं. "माय, तुन्हा जवाईनी परीक्षा शे. तुले काहीच करानं नही. फक्त बसानं शे."

सुंदराबाई गहिवरल्या. जावयाने परीक्षेसारख्या शुभकार्याला आपल्याला बोलावलं! त्यांनी आदल्या दिवशी खापरावर मांडे केले, नारळ घेतला, टॉवेल-टोपी घेतली. सकाळी गोपाल त्यांना आपल्या रिक्षातून क्लासवर घेऊन आला आणि जिन्याशीच गजेंद्रला म्हणाला, "काय दाजी, इस्रायलले जाईसन म्हातारासना पाय धोवाना? आपलाले तं सात जलम जमाव नही!" आणि खो खो हसत तोही तमाशा बघायला वर आला.

खोलीत परीक्षक म्हणून एक गुजराती डॉक्टरबाई आल्या होत्या. गजेंद्रचं नाव पुकारलं गेलं. पहिलं काम सोपं होतं : वृद्ध व्यक्तीला खुर्चीवर बसवणे.

"बसा, आत्याबाई," गजेंद्र अदबीने म्हणाला.

सुंदराबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि त्या सरलाबाईंकडे वळल्या. "बाई, त्यासले सांगा, जवाई हुभा आनि मी खुर्चीवर? लोके काय म्हनतीन माले?" असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या.

गजेंद्रला आठवलं, वृद्धांशी त्यांच्या पातळीवर येऊन बोलावं. तोही जमिनीवर बसला. "आरे देवा, जवाई खाले बठना!" सुंदराबाई किंचाळल्या. आता जावयापेक्षा खाली बसायचं तर जमिनीखाली जागा नव्हती. म्हणून त्या सरकत सरकत डॉक्टरबाईंच्या टेबलाखाली गेल्या. डॉक्टरबाईंनी पाय वर घेतले.

"ये टेबल के नीचे क्यूं गया?" त्यांनी विचारलं.

"मान ठेवून राहिली मॅडम, जावयाचा," सरलाबाई म्हणाल्या आणि कपाळाला हात लावला.

मोठ्या मिनतवारीने सासूबाई बाहेर आल्या. पुढचं काम पाय धुण्याचं. गजेंद्रने टबात कोमट पाणी आणलं, साबण, टॉवेल मांडला. ते साहित्य पाहून सुंदराबाईंचा चेहरा पदराआडही उजळला. कार्य म्हटलं की जावयाचे पाय धुतात, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी चटकन गजेंद्रचा उजवा पाय धरला. गजेंद्र एका पायावर दोन उड्या मारून मागच्या खुर्चीत कोसळला. काय झालं ते कळेपर्यंत त्याचे दोन्ही पाय टबात होते, सासूबाई ते चोळत होत्या आणि गोपालने शिट्टी मारली होती.

"आत्याबाई, सोडा, उलटं व्हयनं हाई!" गजेंद्र पाय ओढू लागला. जितका तो ओढी तितक्या त्या घट्ट धरत. पाणी उडालं, डॉक्टरबाईंचा चष्मा भिजला. सुंदराबाईंनी पाय पदराने पुसले, त्यावर कुंकू लावलं, जावयाच्या डोक्यावर टोपी चढवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्याने "अहो" म्हणायला तोंड उघडलं त्यात मांड्याचा घास कोंबला.

डॉक्टरबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला. समोर एक तरणाताठा माणूस टोपी घालून खुर्चीत बसला होता आणि एक म्हातारी त्याला भरवत होती.

"सरलाबेन," त्या म्हणाल्या, "इसमें दर्दी कौन छे? पेशंट कौन?"

दुसऱ्या परीक्षार्थींनी आणलेल्या म्हाताऱ्या एव्हाना सुंदराबाईंच्या भोवती जमल्या होत्या. "साक्षात लक्ष्मीनारायण!" म्हणत एकीने जावयाला ओवाळायला ताटही मागितलं. मग सगळ्यांना मांडे वाटले गेले. डॉक्टरबाईंनीही एक तुकडा खाल्ला, छान आहे म्हणाल्या आणि मान हलवत पेनाचं टोपण काढलं.

"नापास करना पड़ेगा भाई. मैं क्या करूं?"

खोलीतलं हसणं थांबलं. गजेंद्रने मांडा बाजूला ठेवला. त्याने टोपी काढली, कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून बसला आणि तोंड टॉवेलात खुपसलं. त्याला खरंच रडू येत होतं. इस्रायल गेलं, लूम तर आधीच गेले होते, आता घरी सुषमाला काय सांगायचं?

ते पाहून सुंदराबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. कोपरा, भिंत, झाकलेलं तोंड. हे दृश्य त्यांनी लग्नात पाहिलेलं होतं.

"जवाई रुसना!" त्या ओरडल्या. "आरे गोपाल, देखस काय, जवाई रुसना! इचारा त्यासले, काय पायजे? लगीनमा सायकल मांगी व्हती, ती दिन्ही. आते काय पायजे?"

गजेंद्रने टॉवेलातून एक डोळा बाहेर काढला. रुसलेल्या जावयाला सासू नाही म्हणू शकत नाही. रुसवा निघेपर्यंत मांडवात कोणी जेवत नाही, वऱ्हाड हलत नाही. लग्नात त्याने सायकलसाठी अख्खी दुपार ताणून धरली होती आणि त्याची त्याला पुढे लाज वाटत आली होती. आज मात्र त्याने भिंतीला नीट पाठ लावली.

"सरलाबाई, त्यांना सांगा," तो गंभीर होऊन म्हणाला, "सायकल नको, काही नको. त्यासनी खुर्चीवर बसानं आनि माले पाय धोवू देवाना. नहीतं मी आठून उठाव नही!"

सुंदराबाई कात्रीत सापडल्या. पाय धुऊ द्यावेत तर पाप, आणि न द्यावेत तर जावई रुसलेला. पाप काय, देवाला नारळ फोडून फिटतं. रुसलेला जावई गावभर होतो. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या, डोळे गच्च मिटले आणि सात पिढ्यांच्या पूर्वजांची माफी मागू लागल्या.

गजेंद्रने नवं पाणी आणलं. सासूबाईंच्या टाचांना भेगा होत्या, गावाकडे शेतात कापूस वेचून वेचून पडलेल्या. त्याने त्या भेगांतली माती सावकाश काढली, बोटांच्या बेचक्या धुतल्या, तळवे टिपून घेतले. परीक्षा चालू आहे हे तो जरा वेळ विसरलाच. पूर्वजांची माफी मागणं हळूहळू बंद पडलं. सुंदराबाईंनी पदराआडून एक डोळा उघडला. खुर्चीच्या कडेवरून त्या जरा मागे सरकल्या. मग आणखी जरा मागे, आणि शेवटी पाठ टेकून बसल्या.

"जवाई," लग्नानंतर पहिल्यांदाच त्या थेट त्याच्याशी बोलल्या, "पानी आखो जरासं तपाडा."

डॉक्टरबाईंनी पेन टेकवलं. "पांव तो सबने धोया," त्या म्हणाल्या. "लेकिन जो बुड्ढी डोसी हाथ ही नहीं लगाने देती, उसको मनाया किसने? पास!"

तिथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सुंदराबाईंना चटक लागली. त्या बाडबिस्तरा घेऊन लेकीकडे लिंबायतला राहायला आल्या. रोज संध्याकाळी दारात खुर्ची, टबात पाय आणि समोर जावई. निंबाआप्पाही दार किलकिलं करून विचारू लागले, "गजेंद्र, मना नंबर कव्हय शे?"

आणि मग गजेंद्रचं जाण्याचं ठरलं. ती बातमी ऐकताच सुंदराबाई खुर्चीसकट भिंतीकडे वळल्या, तोंडावर पदर घेतला आणि जेवणाला नाही म्हणाल्या.

"सासू रुसनी!" गल्ली म्हणाली.

"सुषमा, इचार त्यासले," गजेंद्र हात जोडून म्हणाला, "काय पायजे?"

सुंदराबाईंनी भिंतीला सांगितलं, "जाना व्हई तं जावा. पन त्यान्हा पयले गोपालले हाई काम शिकाडा. तो पास व्हई तव्हयच मी जवाईले जाऊ देसू."

रिक्षात बसून हसणाऱ्या गोपालचं हसू तोंडातच राहिलं. रोज संध्याकाळी तो टबापुढे बसे आणि रोज नापास होई. कधी पाणी कढत, कधी साबण डोळ्यात, कधी एकच पाय धुऊन रिक्षाला गिऱ्हाईक. गल्ली ओट्यांवर बसून हसे. गजेंद्रला मात्र हसू येत नव्हतं. जाण्याची संध्याकाळ आली तरी मेहुणा नापासच.

त्या संध्याकाळी गोपालने घाम पुसत शेवटचा टब आणला. सुंदराबाईंनी अंगठा बुडवला. सगळी गल्ली पुढे झुकली.

"पानी थंडं शे," त्या म्हणाल्या.

गोपालने डोक्याला हात लावला. गजेंद्र दारातल्या बांधलेल्या बॅगेवर मटकन बसला. सुंदराबाईंनी एकदा त्या बॅगेकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. मग थंड पाण्यात दोन्ही पाय सोडले आणि डोळ्यांना पदर लावला.

"पन पास," त्या म्हणाल्या. "जवाई, आते निंघा. तठला म्हातारबा वाट देखत व्हई."